मासळीवालीची वीज

हाउगेसुंदच्या धक्क्यावर आम्ही अकरा जण,
अंत्सिराबेहून आलेले,
उसन्या स्वेटरांवर आपापल्या शाली गुंडाळून उभे.
जुलै आहे म्हणतात.
असेल. बोटांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

यजमान चर्चच्या पत्रात होतं:
उघड्यावर, चार वाजता, वीस मिनिटं.
विजेचं काहीच नव्हतं.
म्हणून मी केबलचं भेंडोळं खांद्यावर टाकून
शिरलो समोरच्या मासळीच्या दुकानात.
मला त्यांच्या भाषेतले तीन शब्द येतात:
धन्यवाद, माफ करा, कॉफी.
तिन्ही वापरले.
ओसलाउगबाईंनी हातातल्या सुरीनंच दाखवलं,
बर्फाच्या पेटीमागे, भिंतीत,
हा नाही.
हा.

दोन गाणी बरी गेली.
ऐकायला एक कुत्रा, एक बाबागाडी,
या गारठ्यात आइस्क्रीम चाटणारी दोन पोरं,
आणि एक गृहस्थ, ज्यांनी नाणं टाकलं.
लालाइना धावत जाऊन ते परत देऊन आली.
आम्ही मागायला आलो नाही,
हे कुठल्याच भाषेत सांगता येईना तिला,
नुसती हसली.
त्यांना वाटलं कमी पडलं,
त्यांनी नोट काढली.

तिसऱ्या गाण्याला फ्यूज उडाला.
की-बोर्ड गेला, स्पीकर गेला,
आणि दुकानातली बर्फाची पेटी
एकदा खाकरून गप्प झाली.
ओसलाउगबाई बाहेर आल्या, एप्रनवर खवले, हातात सुरी.
झालं, म्हटलं मनात,
आता यांच्या कोळंबीचे पैसे
रविवारच्या थैलीतून फेडायचे.

नोरो थांबली नाही.
आमच्याकडे वीज रोजच जाते,
जेवता जेवता कुणी उठतं का त्यासाठी?
तिनं सूर तसाच पुढे नेला,
हेरीनं वलिहाच्या बांबूवर नखं टेकवली,
मी केबल हातात घेऊनच खर्जात उतरलो.

तर बाईंचे ओठ हलत होते.

चाल तीच. शब्द दुसरे.
आम्हाला वाटायचं ही चाल आमच्याच टेकड्यांतली,
भातासारखी, कुणी लावली ते विचारायचं नसतं.
ती तर इथून गेलेली निघाली,
कुणाच्या तरी ट्रंकेत, मेणकापडात, बोटीनं,
माझ्या पणजीच्याही आधी.
आमच्याकडे तिला पाय फुटले.
मधल्या ओळीत टाळ्या आल्या,
शेवटी एक गिरकी, जी कुठल्याच कागदावर नाही.
लग्नात ती हवीच.

एइविंद, आमचा दुभाषा, माझ्या कानाशी आला.
हे इथे मयताला म्हणतात, म्हणाला.
यांच्या नवऱ्याच्या वेळी म्हटलं होतं.
फेब्रुवारीत.

आणि आम्ही टाळ्यांपाशी पोचलो होतो.

थांबावं तर कसं थांबावं?
आमच्या डोंगरात लोक पितरांना बाहेर काढतात,
नवं कापड गुंडाळून खांद्यावर घेऊन नाचतात.
पास्टर रिव्हू दर वर्षी सांगतात, करू नका,
आणि दर वर्षी त्यांची आई जाते.
आत्ता पास्टर समुद्राकडे बघत होते.
नोरोनं टाळी वाजवली.
पहिली हळू.
मग नेहमीसारखी.

बाईंनी सुरी मासळीच्या खोक्यावर ठेवली,
हात पुसले, पुन्हा पुसले,
आणि आपल्या चालीनं म्हणत राहिल्या,
जड, सावकाश,
ओल्या जाळ्यासारखी एकेक ओळ ओढत.
आम्ही त्यांच्यासाठी मंद झालो नाही,
त्या आमच्यासाठी जलद झाल्या नाहीत.
मध्येच एक फेरीबोट भोंगा वाजवून गेली,
तो मात्र दोघांच्याही सुरात नव्हता.

आम्ही आधी पोचलो. गिरकी घेतली. गप्प झालो.
त्यांच्या दोन ओळी उरल्या होत्या.
अकरा जण, कुत्रा, नोट हातात धरलेले गृहस्थ,
सगळे उभे राहिलो
त्या म्हणून होईपर्यंत.

मग त्या फ्यूज बघायला आत गेल्या.
दारातून वळून माझ्याकडे बघत
बरंच काही बोलल्या.
त्यातलं मला एकच कळलं:
कॉफी.